निश्चय आणि कृति यांमधील जागा

मनुष्याच्या हातून घडलेल्या कृत्याचा दोष नेमका कोणत्या क्षणीं उत्पन्न होतो, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. विचार मनांत आला तेव्हां, निश्चय झाला तेव्हां, कीं हात हलला तेव्हां? कायदा बहुधा हाताकडे पाहतो, धर्म मनाकडे पाहतो, आणि घरचीं माणसें परिणामाकडे पाहतात. आमच्या पुराणिकबोवांनीं या बाबतींत गृहस्थांस एक दिलासा देऊन ठेविला आहे. कलियुगांत मनांतल्या पुण्याचें फळ मिळतें, परंतु मनांतलें पाप प्रत्यक्ष आचरल्यावांचून लागत नाहीं, असें ते सांगत. उलट ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनांत मनांतल्या वासनेलाच कृत्याची किंमत दिलेली आहे. या दोन मतांमधील वाद विद्वानांनीं पुष्कळ केला आहे, आणि त्यांत पडण्याची आमची योग्यता नाहीं. आमचें लक्ष या प्रश्नाकडे गेलें तें ग्रंथांमुळें नव्हे, तर संगणकावरील एका लहानशा कामामुळें. आणि तें काम आमच्या हातून बिघडलें म्हणून.

प्रथम त्या कामाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. ज्यांस तें ठाऊक आहे त्यांनीं हा मजकूर खुशाल सोडून द्यावा. संगणकाची कोरी डिस्क म्हणजे एक अखंड माळरान होय. तिची मोजणी सेक्टरांनीं होते, आणि एक सेक्टर बहुधा ५१२ बाइटांचा धरितात. या माळरानावर संसार मांडावयाचा तर सहसा त्याचे वांटे पाडावे लागतात: एका वांट्यांत यंत्र चालविणारी प्रणाली, दुसऱ्यांत घरचीं कागदपत्रें, तिसऱ्यांत आणखी कांहीं. या वांट्यांस पार्टिशन म्हणतात, आणि कोणता वांटा कोणत्या सेक्टरापासून सुरू होतो व किती लांब जातो याची नोंद ज्या कोष्टकांत असते त्यास पार्टिशन टेबल. १९८३ मध्यें आयबीएमच्या पीसीसाठीं निघालेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर जी पद्धत आली, तींत हें कोष्टक डिस्कच्या पहिल्याच सेक्टरांत असतें. त्या सेक्टरांतील ४४६ बाइट यंत्र सुरू करण्याच्या प्राथमिक सूचनांकडे, शेवटचे २ ओळखीच्या खुणेकडे, आणि मधले अवघे ६४ या कोष्टकाकडे. त्यांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. एक टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यें इतके बाइट. तेवढ्या सगळ्या इस्टेटीचा सातबारा या ६४ बाइटांत मावतो.

सातबारा फाटला म्हणून शेत नाहींसें होत नाहीं. डिस्कचेंही तसेंच आहे. कोष्टक पुसलें तरी आंतील पत्रें, चित्रें, हिशेब जेथल्या तेथें असतात. फरक एवढाच कीं, शेताचा मालक कागदावांचून बांधावर जाऊन उभा राहूं शकतो; डिस्कच्या मालकास स्वतःच्या शेताची वाटच सांपडत नाहीं. अलीकडच्या जीपीटी नांवाच्या पद्धतींत बहुधा १२८ नोंदींची सोय असते, कोष्टकाची एक नक्कल डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेवितात, आणि दोन्ही प्रतींची पडताळणी करण्याचा आंकडाही जवळच लिहिलेला असतो. मात्र ही नक्कल किडीपासून रक्षण करते, मालकापासून नाहीं. मालकानें नवें कोष्टक लिहावयास सांगितलें कीं दोन्ही प्रति आज्ञाधारकपणें बदलतात.

हें कोष्टक बदलण्याचें युनिक्सच्या घराण्यांतलें प्रसिद्ध हत्यार म्हणजे एफडिस्क. लिनक्सवरील त्याचें रूप १९९२ मध्यें ए. व्ही. ले ब्लँक यांनीं लिहिलें. पुढें त्यास अनेकांचे हात लागले. त्यांत चित्रें नाहींत, बटणें नाहींत. यंत्राचा सर्वाधिकार ज्याच्याकडे आहे त्यानें डिस्कचें नांव सांगून त्यास हांक मारावी, म्हणजे तें एक ओळ पुढें करून थांबतें. आपण एक अक्षर लिहावें, त्यानें उत्तर द्यावें, असा तो संवाद चालतो. ‘पी’ म्हटलें कीं तें सध्याचें कोष्टक दाखवितें. ‘एन’ म्हटलें कीं नवा वांटा कोठून कोठपर्यंत हें विचारतें. ‘डी’ म्हटलें कीं वांटा काढून टाकतें. येथेंच त्याची खुबी आहे. वांटा काढून टाकतें तो डिस्कवरून नव्हे, संगणकाच्या स्मरणांत धरलेल्या कच्च्या प्रतीवरून. सगळे वांटे पुसा, उलटसुलट करा, पुन्हा आंखा. डिस्कवरचा एक बाइटही हललेला नसतो. ‘क्यू’ हें अक्षर लिहून उठून गेलांत तर जणूं कांहीं झालेंच नाहीं. ‘डब्ल्यू’ लिहिलेंत म्हणजे मात्र कच्ची प्रत पक्की होते. सुरुवातीसच तें आपल्याला बजावतें कीं बदल तूर्त स्मरणांतच राहतील, लिहिण्याचा हुकूम जपून द्यावा. पण प्रत्यक्ष हुकूम दिल्यावर तें एक शब्दही विचारीत नाहीं.

आमच्या मते ही मधली जागा, जेथें निश्चय करून पाहतां येतो परंतु कृति घडत नाहीं, नीतीच्या दृष्टीनें फार मोलाची आहे. मनांत वाईट विचार येऊंच नये अशी शिकवण मुलांस आपण देतों, आणि ती देणें भागही असेल; परंतु ज्या मनाला कच्ची प्रतच नाहीं, त्याचा प्रत्येक विचार कृत्य होऊन बाहेर पडतो. अशा माणसाशीं संसार करणें कठीण. राग आल्याबरोबर पत्र पेटींत टाकणारे पुष्कळ असतात. लिहून तें रात्रभर उशाशीं ठेवणारे थोडे. घर सोडून निघून जाण्याचा बेत मनांतल्या मनांत पुरा करून, गाडीचें भाडेंसुद्धां हिशेबांत धरून, रात्रीं मुकाट्यानें ताटावर येऊन बसणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांस दांभिक म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं. त्यांनीं सगळे वांटे पुसून पाहिले आणि ‘क्यू’ लिहिलें, इतकेंच. महाभारतांत अर्जुन व अश्वत्थामा या दोघांनींही अस्त्र सोडलें. पैकीं अर्जुनास तें परत घेतां आलें, अश्वत्थाम्यास साधलें नाहीं. सुटलेलें अस्त्र परत घेण्याची अर्जुनाची विद्या आपणां सामान्यांपाशीं नाहीं. आपल्याला परतण्याची सवड मिळाली तर ती अस्त्र सुटण्यापूर्वींच मिळते.

सर्वच हत्यारें अशा स्वभावाचीं नसतात. पार्टेड नांवाच्या हत्यारास कच्ची प्रत माहीत नाहीं. वांटा काढ म्हटलें कीं तें तत्क्षणीं काढून मोकळें होतें. मात्र हरवलेला वांटा शोधून पाहण्याची एक आज्ञाही त्याच्या पोतडींत आहे. तापट, पण मागाहून धांवून येणाऱ्या एखाद्या काकांसारखें तें आहे. जीडिस्क लिहिण्यापूर्वीं थांबून होय कीं नाहीं असें विचारतें. सीएफडिस्कचें एका अक्षरानें भागत नाहीं. त्यास ‘येस’ हा शब्द पुरा लिहून द्यावा लागतो. अधिक दोन अक्षरें लिहिण्यास वेळ तो कितीसा लागणार! पण बोट संवयीनें एका अक्षरावर पडतें तसें शब्दावर पडत नाहीं. लग्नांत मंगलाष्टकें लांबवितात तीं केवळ भटजींच्या हौसेमुळें, असें आम्हांस आतां वाटत नाहीं.

येथवर आलेल्या वाचकास वाटेल कीं जितके प्रश्न अधिक तितका मनुष्य अधिक सुरक्षित. आम्हांसही बरेच दिवस तसेंच वाटे. परंतु ‘खातरी आहे ना?’ या प्रश्नांत एक मोठें वैगुण्य आहे. तो नेमका अशा माणसास विचारला जातो कीं ज्याला खातरी असतेच. शरयूच्या तीरावर काळोखांत दशरथानें बाण सोडला, तेव्हां त्याचा निश्चय डळमळीत नव्हता. जवळ कोणी उभा राहून ‘महाराज, खातरी आहे ना?’ असें म्हणता, तर राजानें निःशंकपणें होय म्हटलें असतें. कारण हत्ती पाणी पीत आहे याविषयीं त्यास संशयच नव्हता. चूक बाण सोडण्याच्या घटकेस झाली नव्हती. ती त्याआधीं, घागरीच्या आवाजास हत्तीचें नांव दिलें तेव्हांच होऊन गेली होती. त्या क्षणीं त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि तो स्वतःलाही विचारीत नाहीं.

एफडिस्कच्या बाबतींत ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. कच्च्या प्रतींत काय करावयाचें याचा विचार तें आपल्याला पोटभर करूं देतें. परंतु कोणत्या डिस्कची कच्ची प्रत, हें आपण त्यास हांक मारतांनाच सांगून चुकलेलों असतों. लिनक्समध्यें डिस्कांस एसडीए, एसडीबी अशीं नांवें पडतात. तीं ज्या क्रमानें यंत्रास सांपडतात त्या क्रमानें पडतात, आणि आज जी एसडीबी आहे ती उद्यां एसडीसी होणार नाहीं अशी हमी कोणी घेत नाहीं. शिवाय युनिक्सचा एक जुना नेम असा कीं डिस्क काय, मोडेम काय, सगळीं उपकरणें फाइलींसारखीं एकाच कपाटांत नांवानें मांडून ठेवावयाचीं. या नेमांत सौंदर्य आहे, आणि धोकाही आहे. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचीच गोष्ट पाहा. १९९१ च्या अखेरीस, हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना, त्यांस मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकास फोन लावावयाचा होता. मोडेमच्या नांवाऐवजीं त्यांनीं चुकून डिस्कचें नांव दिलें, आणि फोन लावण्याची आज्ञा डिस्कवरच लिहिली गेली. ज्या वांट्यांत त्यांची मिनिक्स प्रणाली होती तो निकामी झाला. मिनिक्स पुन्हा बसविण्याऐवजीं त्यांनीं आपल्या अर्धवट लिनक्सवरच विसंबावयाचें ठरविलें, आणि पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परिणाम चांगला झाला तर चूक ही चूकच नव्हे, असें मानणारे लोक असतात. आम्ही त्यांतले नव्हों. पण टोरवाल्ड्स यांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिघडलेली डिस्क त्यांची स्वतःची होती.

आमची नव्हती. आमच्या मातोश्रींनीं आमच्या थोरल्या बहिणीस, अक्कास, ती सासरीं गेल्यापासून पुढें वीस वर्षें जीं पत्रें लिहिलीं, त्यांचे फोटो त्या डिस्कवर होते. मूळ कागद वाळवीनें खाल्ले होते. म्हणजे पत्रें म्हणून जें कांहीं जगांत उरलें होतें तें तेवढेंच. नवी डिस्क घेऊन तिच्यावर त्यांची एक नक्कल करावी, म्हणून अक्कानें तें काम आमच्यावर सोंपविलें. नकलेचें काम, आणि तें आम्हांस येतें अशी घरांत ख्याति. दोन्ही डिस्का सारख्याच मापाच्या होत्या. आम्हीं नव्या डिस्कचें म्हणून जें नांव सांगितलें तें जुनीचें होतें.

आम्हीं पाहिलें नाहीं असें नाहीं. ‘पी’ हें अक्षर आम्हीं लिहिलें होतें. नव्या डिस्कवर कोष्टक कोरें असावें अशी आमची अपेक्षा होती, आणि समोर एक वांटा दिसत होता. परंतु कांहीं डिस्का दुकानांतूनच वांटा पाडून येतात हें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्या ठाऊक असण्यानेंच घात केला. अज्ञानी मनुष्य तेथें अडखळला असता. आम्हांपाशीं उत्तर तयार होतें. तो वांटा काढला, दोन नवे आंखले, आणि ‘डब्ल्यू’ लिहिलें. आम्हांस त्या घटकेस कोणीं ‘येस’ हा शब्द शंभर वेळां लिहावयास लाविला असता, तरी आम्हीं तो शंभर वेळां लिहिला असता.

यानंतर जें घडलें तें आम्हांस आजही विलक्षण वाटतें. ती डिस्क त्या वेळीं वापरांत होती. त्यामुळें कर्नलनें, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानें, कळविलें कीं तो तूर्त जुनेंच कोष्टक धरून चालेल. नवें पुढच्या खेपेस यंत्र सुरू झाल्यावर लागू होईल. (अलीकडच्या आवृत्त्या असें असतांना आधींच सावध करितात.) आम्हीं तो नेहमींचा निरोप समजून दुर्लक्ष केलें. त्या संध्याकाळीं पत्रें पूर्वींसारखीं उघडत होतीं; आम्हीं त्यांतलीं दोनतीन वाचलींही. अपराध होऊन गेलेला, आणि घर मात्र जुन्या कोष्टकावर बिनघोर चाललेलें, अशा रात्री पुष्कळ कुटुंबांत येऊन गेल्या असतील. जुना वांटा कोठें सुरू होतो आणि किती लांब आहे, हे दोन्ही आंकडे कर्नलच्या स्मरणांत त्या वेळीं शाबूत होते. विचारले असते तर त्यानें सांगितले असते. आम्हीं यंत्र बंद केलें व निजलों.

सकाळीं डिस्क उघडेना. खरें पाहतां अजून कांहींच गेलें नव्हतें. गेले होते ते ६४ बाइट. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनीं रचलेलें टेस्टडिस्क नांवाचें साधन सेक्टर धुंडाळून अशा हरवलेल्या वांट्याच्या खुणा शोधून काढतें, आणि हात बांधून स्वस्थ बसलों असतों तर बहुधा सगळें जसेंच्या तसें परत मिळालें असतें. परंतु दोष आपल्या हातून झाला असें कळल्यावर स्वस्थ बसणें हें आम्हांस जमलें नाहीं. वांट्यांत ओळखीची रचना सांपडत नाहीं असें यंत्र म्हणालें. म्हणून आम्हीं घाईघाईनें त्यावर नवी रचना करून दिली, म्हणजे तो फॉर्मेट केला. फाइलींचीं नांवें, तारखा, कोणतें पान कोठें आहे याच्या याद्या, हें सगळें त्या एका हुकुमानें पुसलें गेलें. पहिल्या चुकीनें कागद फाटला होता. शेत नांगरलें तें या दुसरीनें. पश्चात्तापाची नीतिकारांनीं फार स्तुति केली आहे. त्यांनीं त्याच्या उतावळेपणाविषयीं थोडें अधिक लिहावयास हवें होतें.

आणि तिसरी गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. अक्काचा फोन आला तेव्हां, ‘डिस्क खराब निघाली,’ असें आम्हीं सांगितलें. डिस्क खराब नव्हती. सांगितलें तें सर्व तिनें बिनचूक केलें होतें. या वाक्यास कच्ची प्रत होती. रात्रभर आम्हीं तें मनांत लिहून पाहिलें होतें, खोडलें होतें, पुन्हा लिहिलें होतें. नांवाची चूक नव्हती, भीतीची घाई नव्हती. पूर्ण विचारान्तीं आम्हीं तें उच्चारलें. निश्चय आणि कृति यांमधील ज्या जागेची आम्हीं वर इतकी थोरवी गाइली, ती जागा या वेळीं पुरेपूर आमच्या वांट्यास आली होती. तिचा उपयोग खोटें अधिक सफाईनें बोलण्यास होतो, हें त्या जागेचे स्तुतिपाठक सहसा सांगत नाहींत.

चौथ्या दिवशीं आम्हीं खरें सांगितलें. अक्का थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “पत्रें गेलीं त्याचें मी बघेन. पण तीन दिवस मी त्या डिस्कवाल्याला शिव्या देत होतें रे, त्याचें काय करूं?” याचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं, आणि अजूनही सुचलेलें नाहीं. कोणाच्या तरी नांवावर आमचा दोष लिहिला गेला होता, आणि तो माणूस कोण हें आम्हां दोघांसही ठाऊक नव्हतें.

टेस्टडिस्कबरोबर फोटोरेक नांवाचें एक भावंड येतें. तें याद्यांकडे पाहतच नाहीं. सगळें रान पालथें घालून ज्याची सुरुवात चित्रासारखी दिसते तें चित्र म्हणून उचलतें. त्यानें बहुतेक सर्व पानें परत आणलीं, पण बेनांवी. आम्हीं फाइलींस पत्रांच्या तारखा हींच नांवें दिलेलीं होतीं, आणि मातोश्री तारीख फक्त पहिल्या पानावर घालीत; मागच्या पानांस कांहींच ओळख राहिली नाहीं. दिवाळींत अक्का आठ दिवस आमच्याकडे राहिली. पानें छापून काढून जेवणाच्या टेबलावर पसरलीं होतीं. शाईच्या रंगावरून, अक्षर केव्हां थरथरूं लागलें यावरून, भाचीच्या गोवरावरून, विहिरीच्या पाण्यावरून ती एकेक पान उचलून दुसऱ्याशीं जोडी. आम्ही तिच्या सांगण्याप्रमाणें नांवें लिहीत होतों, आणि लिहिण्यापूर्वीं प्रत्येक नांव तिला मोठ्यानें वाचून दाखवीत होतों. सतरा पानें कोणत्या पत्राचीं तें अजून ठरलेलें नाहीं. त्यांतल्या एकाची सुरुवात, तूं विचारलेंस त्याचें उत्तर मला फोनवर देतां आलें नसतें म्हणून लिहितें, अशी आहे. आणि आपण काय विचारलें होतें तें अक्काला आठवत नाहीं.